‘याद वाशेम’: शोध आणि आश्रय

नेमिचंद्र यांच्या ‘याद वाशेम’ (२००७) या कन्नड कादंबरीचे नाव जेरुसलेमच्या स्मारकावरून घेतलेले आहे; ‘स्मारक आणि नाव’ असा त्या हिब्रू शब्दांचा अर्थ. नात्झी जर्मनीतून वडिलांसह बंगलोरास आलेली व पोरकी झाल्यावर मुसलमान कुटुंबात वाढलेली ह्याना उतारवयात आपल्या हरवलेल्या आप्तांचा माग काढते. देशोदेशींच्या या भ्रमंतीत इतिहासाची माहिती कथेवर पुष्कळदा कुरघोडी करते, हे नमूद करणे प्राप्त आहे.

अनिता देसाई यांच्या ‘बॉमगार्टनर्स बॉम्बे’ (१९८८) मधील ह्यूगो आईची छावणीतून आलेली पत्रे जपतो, पण त्यांचा अर्थ शोधावयास धजत नाही. ती वाचली जातात ती त्याच्या मृत्यूनंतर, दुसऱ्याच कोणाकडून. प्रस्तुत लेखकास हे मौन अधिक खरे वाटते.

नेमिचंद्रांचे खरे सामर्थ्य आश्रयदात्या घराच्या चित्रणात आहे. मात्र या चित्रणातही एक गाळलेली जागा जाणवते. दिवाण मिर्झा इस्माईल यांच्या काळात, १९३९ साली, बर्लिनचे ऑटो कोनिग्सबर्गर म्हैसूर संस्थानचे मुख्य वास्तुशिल्पी झाले. त्यांचे मामा माक्स बॉर्न यांना मात्र रामन यांचा आग्रह असूनही बंगलोरच्या विज्ञान संस्थेत (१९३५-३६) कायमचे पद मिळाले नाही. आश्रय देणाऱ्या त्याच भूमीतील हा नकार कादंबरीत उमटला असता, तर ह्यानाला लाभलेल्या मायेचे मोल वाचकास अधिक उमगले असते.