उणे एक इतकी शक्यता

मंडळी, आज आंद्रेई ख्रेनिकोव्ह यांच्या १९९७ च्या नॉन-आर्किमिडियन विश्लेषणावरच्या पुस्तकाबद्दल. त्यात क्वांटम कोडी आहेत, जीवशास्त्रही आहे, पण मी एकाच दाव्यापाशी थांबणार आहे: संभाव्यतेची किंमत पी-ॲडिक संख्या असू शकते. गणित चोख आहे. तक्रार आहे ती 'संभाव्यता' या शब्दाबद्दल.

थोडी उजळणी करू. पी म्हणजे कुठलीही मूळ संख्या. आपण ५ घेऊ. ५ ने जितक्या जास्त वेळा भाग जातो तितकी संख्या लहान. २५ हा ५ पेक्षा लहान, ६२५ त्याहून लहान. उलट १/२५ चांगलाच मोठा, त्याचा आकार २५! आता ५-ॲडिक पूर्णांकांचा संच घ्या. त्याचे पाच सारखे तुकडे, प्रत्येकाचे पुन्हा पाच. समान वाटणी केली तर मापं १/५, १/२५, १/१२५. वास्तव संख्यांत ही शून्याकडे जातात, आणि हार मेझर मिळतं. पण माप स्वतःच ५-ॲडिक असेल तर तुकडा जितका बारीक तितकं माप मोठं. म्हणजे मर्यादित राहणारं असं माप तिथे नाहीच. 'सगळ्यांना सारखी संधी' ही सर्वांत भोळी कल्पनाच दारात अडते.

म्हणून ख्रेनिकोव्ह फॉन मिझेस यांच्या वारंवारतेकडे वळतात. यश भागिले प्रयत्न ही परिमेय संख्या, आणि ती दोन्ही जगांची रहिवासी. मग सीमा ५-ॲडिक अर्थाने घेतली तर? कल्पना सुंदर आहे, खरंच. ६२६ प्रयत्नांत २४ यशं, १५,६२६ प्रयत्नांत १२४, असंच पुढे जा. वास्तव सीमा शून्य. ५-ॲडिक सीमा उणे एक. डिरॅक आणि फाइनमन यांनी ज्या ऋण संभाव्यतांचा विचार केला, त्यांना इथे घर मिळतं.

पण जरा थांबा. ६२६ प्रयत्नांत ६२५ यशं घ्या, आणि ६२५ च्या जागी ५ चे मोठमोठे घात टाकत जा. वास्तव सीमा १, ५-ॲडिक सीमा ०. इथवर ठीक. आता प्रत्येक टप्प्यावर एकच प्रयत्न वाढवा, तोही यशस्वी: ६२७ पैकी ६२६. वास्तव सीमा अजून १ च. ५-ॲडिक सीमा? १/२. एका जादा प्रयत्नाने शून्याचं अर्धं झालं! कुणी म्हणेल, नमुन्यांचे आकार आधीच ठरवून घ्या, म्हणजे प्रश्न मिटला. गणितात मिटला, मान्य. पण नाणं उडवणाऱ्याला शेवटची एक फेक मोजायची की नाही यावर उत्तर बदलत असेल, तर ते उत्तर नाण्याबद्दल आहे की मोजणाऱ्याबद्दल? वारंवारतेवर आपला विश्वास बसतो तो ती अशा एखाददुसऱ्या फेकीला दाद देत नाही म्हणून.

पी-ॲडिक किमतीचं माप निरुपयोगी आहे असं मी म्हणत नाही, गैरसमज नको. कुबोटा आणि लिओपोल्ट यांनी १९६४ मध्ये मांडलेली पी-ॲडिक एल-फलं मेझर यांनी अशाच मापांतून उभी केली. (होय, माणसाचं नावच मेझर, मापाशी संबंध नाही.) बर्नुली संख्यांतून येणारी वाटणीही आधी अमर्यादच असते, तिला दुरुस्त करून मर्यादित करावं लागतं. तिथे त्याला कुणी संभाव्यता म्हणत नाही, आणि कुणाचं काही अडतही नाही.

शिवाय दुसरी वाट आहेच: जागा पी-ॲडिक, संभाव्यता मात्र साधी, शून्य ते एकमधली. व्लादिमिरोव्ह यांचा ऑपरेटर घेतला की तिथे ब्राउनियन गतीची बहीण मिळते. ती सरकत नाही, उड्या मारते. त्या जागेत अखंड वाट म्हणजे जागच्या जागी उभं राहणं. प्रथिनाच्या रेणूत ऊर्जेच्या दरीत दरी, तिच्यातही दरी असते. एकीतून दुसरीत जायला किती वेळ लागेल ते ठरतं दोघींना वेगळं करणाऱ्या सर्वांत उंच खिंडीवरून. अशा रचनेला ही उडी नेमकी बसते. अवेतिसोव्ह, बिकुलोव्ह, कोझिरेव्ह वगैरे मंडळींनी ती तिथे वापरली. आणि तिथे 'शक्यता ०.३' म्हटलं, तर ती मोजून बघता येते.