रॉक आणि ड्रम अँड बेस यांच्या संकरातील ड्रमनाद : एक चिकित्सा

प्रस्तावना

रॉक आणि ड्रम अँड बेस या दोन संगीतप्रकारांच्या संकराचे वर्णन बहुधा गिटार आणि संगणक यांचा संयोग असे केले जाते. वस्तुतः या संकराची खरी कसोटी ड्रमच्या नादात आहे. दोन्ही प्रकारांत ड्रमला मध्यवर्ती स्थान असले, तरी नादाविषयीच्या त्यांच्या धारणा परस्परविरोधी आहेत. प्रस्तुत लेखात ऑस्ट्रेलियातील पर्थ येथे २००२ साली स्थापन झालेल्या 'पेंड्युलम' या समूहाच्या 'इन सिलिको' (२००८) या अल्बमच्या आधारे या विरोधाचा विचार केला आहे.

दोन परंपरा

रॉकमधील ड्रमनाद हा वास्तूचा नाद असतो. लेड झेपलिनच्या 'व्हेन द लेव्ही ब्रेक्स' (१९७१) या गीतासाठी जॉन बॉनम यांचे ड्रम इंग्लंडमधील हेडली ग्रेंज या जुन्या वास्तूत, जिन्याच्या तळाशी मांडण्यात आले होते. ध्वनिमुद्रक अँडी जॉन्स यांनी दोन मायक्रोफोन वरच्या बाजूस ठेवले. त्यामुळे आघाताइतकाच त्यामागून येणारा घुमारा महत्त्वाचा ठरला. तबल्याच्या संदर्भात जिला 'आस' म्हणतात, तिच्याशी याचे नाते आहे.

ड्रम अँड बेसचा नाद याउलट तुकड्यातून घडला. 'द विन्स्टन्स' या अमेरिकन समूहाच्या 'आमेन, ब्रदर' (१९६९) या गीतातील ग्रेगरी कोलमन यांचे सुमारे ७ सेकंदांचे ड्रमवादन ब्रिटनमधील संगीतकारांनी सॅम्पलरवर घेतले, चिरले आणि नव्याने जुळविले. मूळ लय मिनिटाला सुमारे १३७ मात्रांची. ती साध्या पद्धतीने १७४ पर्यंत नेली, की पट्टीही सुमारे चार अर्धस्वरांनी चढते. या शैलीतील ड्रमचा ताणलेला, काहीसा चिरका स्वभाव मुख्यतः याच प्रक्रियेतून आला.

संकरातील पेच

मिनिटाला १७४ मात्रांच्या लयीत मात्रेच्या चतुर्थांशाला केवळ ८६ मिलिसेकंद मिळतात. बॉनम यांच्या उपरोक्त गीतात हाच अवधी त्याच्या दुपटीहून अधिक आहे. दालनाचा घुमारा जसाच्या तसा ठेवला, तर एका आघाताची आस दुसऱ्यावर चढते आणि नाद गढूळ होतो. म्हणून स्नेअरचे अनेक थर रचले जातात : सुमारे २०० हर्ट्झच्या आसपास भरीव अंग देणारा एक, वरच्या कंपनांत कडाडणारा दुसरा आणि घुमाऱ्याचा मोजून छाटलेला तिसरा. गिटारच्या दाट भिंतीतून वाट काढण्यासाठी त्यावर कॉम्प्रेशनचा दाब दिला जातो. लयीचा प्रश्न तुलनेने सोपा आहे, कारण १७४ च्या लयीवर गिटार ८७ च्या अर्ध्या लयीत सहज चालते.

'इन सिलिको'मधील 'प्रोपेन नाइटमेअर्स' हे गीत या पद्धतीचे सामर्थ्य दाखविते. दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवरील स्नेअर गिटार व गायन यांखाली कोठेही दबत नाही. तथापि प्रत्येक आघात जवळजवळ सारख्याच वजनाचा भासतो. मुख्य आघातांच्या मधले हलके, अर्धवट आघात हा कोलमन यांच्या वादनाचा प्राण होता. येथे तेच मागे पडतात. परिणामी रॉककडून आकार घेतला जातो, पण अवकाश नाही. ड्रम अँड बेसकडून वेग घेतला जातो, पण हात नाही.

हा प्रश्न केवळ श्रवणसुखाचा नाही. कोलमन २००६ साली निधन पावले. त्यांच्या वादनावर एक संपूर्ण संगीतप्रकार उभा राहिला, परंतु त्याचा मोबदला त्यांना मिळाला नाही. २०१५ साली चाहत्यांनी जमविलेले सुमारे २४,००० पौंड समूहाचे प्रमुख रिचर्ड स्पेन्सर यांना देण्यात आले. तोवर कोलमन हयात नव्हते. वादकाचे नाव आधी श्रेयातून गेले. थररचनेच्या तंत्रात त्याच्या हाताची खूणही नादातून जाऊ लागते.

निष्कर्ष

थररचना हे तंत्र दोषास्पद नाही. या लयीत ते अपरिहार्यच आहे. परंतु आघातांतील असमानता हा दोष मानून ती पुसून टाकली, की संकराचे दोन्ही स्रोत आटतात. घुमारा छाटावा लागला, तरी हलक्या आघातांचे वजन राखता येते. ज्या रचनेत ते राखले जाते, तेथेच हा संकर केवळ मोठ्या आवाजापुरता न उरता संगीतदृष्ट्या सिद्ध होतो, असे म्हणता येईल.