पाहण्याचा कार्यक्रम

चित्रपटाची चिकित्सा करण्याचा अधिकार मजकडे नाही. मी तालुक्याच्या गावचा एक मास्तर. कादंबऱ्या लिहिल्या त्याही शाळा सुटल्यावर. पण चित्रपट पाहून रिसोडला परतताना एस. टी.च्या खिडकीशी जे मनात येते, ते वाचकांपुढे ठेवण्यास हरकत नसावी.

आमच्याकडे सोयाबीन घरात आले की पाहुण्यांच्या फेऱ्या सुरू होतात. मुलगी पाहण्याचा कार्यक्रम! पोहे, चहा, सतरंजी आणि मध्ये एक खुर्ची. या खुर्चीभोवती फिरणारे दोन चित्रपट मी पाहिले. एक आदिनाथ कोठारे यांचा 'पाणी', ऑक्टोबर २०२४ मध्ये प्रदर्शित झालेला. दुसरा जयंत सोमलकर यांचा 'स्थळ', मार्च २०२५ मधला.

'पाणी'ची गोष्ट आमच्या शेजारच्या मराठवाड्यातली. नांदेड जिल्ह्यातल्या नागदरवाडीच्या हनुमंत केंद्रे यांच्या खऱ्या आयुष्यावर ती बेतली आहे. गावात पाणी नाही म्हणून तरुणाचे लग्न अडते आणि तो गावालाच पाणी आणायला उठतो. कोरडी जमीन, रिकाम्या घागरी, गावकऱ्यांचे हेवेदावे हे सारे ओळखीचे वाटते. राग न धरता लोकांना गोळा करणारा नायक मला आवडला. एक मात्र खटकले. नायिकेचे मन आपल्याला पुरेसे कळत नाही. गाव तहानलेले, नायक धडपडणारा, आणि ती वाट पाहणारी. वाट पाहण्यापलीकडे तिचे काही असेलच की!

ते काय असते, हे 'स्थळ' पाहिल्यावर कळते. आरंभी एक स्वप्न आहे. त्यात मुली मुलाला पाहायला येतात आणि प्रश्न विचारतात. चित्रपटगृहात हशा पिकला. मीही हसलो. मग स्वप्न संपते आणि तेच प्रश्न सविताच्या वाट्याला येतात. नाव काय, उंची किती, मामाचे गाव कोणते? पाहुणे येतात, पाहुणे जातात. हसू हळूहळू आटत जाते. माझ्या मागे बसलेले एक गृहस्थ पुटपुटले, "तेच तेच काय दाखवून राहिला!" त्यांना वाटलेला दोष हाच या चित्रपटाचा प्राण आहे. आपण दोन तासांत कंटाळलो. मुली वर्षानुवर्षे त्या खुर्चीवर बसतात.

१९३७ साली 'प्रभात'ने शांतारामबापूंच्या दिग्दर्शनाखाली 'कुंकू' काढला. त्यातली नीरा म्हाताऱ्याशी लावून दिलेले लग्न मानीत नाही. तिथे मामाचा राग करता येतो, त्या म्हाताऱ्याचाही करता येतो. 'स्थळ'मध्ये राग कोणाचा करावा? बापाची मुलीवर माया आहे. कापसाला भाव नाही आणि मुलीचे लग्न तर करायचेच आहे. चंद्रपूर जिल्ह्यातल्या डोंगरगावची माणसेच पडद्यावर वावरतात, त्यामुळे नट म्हणून त्यांना दूर लोटण्याची सोयही उरत नाही. नंदिनी चिकटे या मुलीने सविता उभी केली आहे ती मुख्यतः गप्प राहून. तिच्या गप्पपणात प्रत्येक वेळी निराळा अर्थ भरतो.

वर्गात स्त्रियांच्या सबलीकरणावर व्याख्यान देणारे प्राध्यापकच पुढे स्थळ म्हणून येतात आणि गोष्ट हुंड्यावर येऊन ठेपते, तो भाग मला प्रथम ओढूनताणून आणल्यासारखा वाटला. हुंडाप्रतिबंधक कायदा १९६१ सालचा. शिकलेला माणूस, आणि तोही मास्तर, असा वागेल काय? अशी टीका मी मनात जुळवीत होतो आणि तेवढ्यात ती जुळेनाशी झाली.

काही वर्षांपूर्वी एका स्नेह्याच्या मुलासाठी मी पाहुण्यांत जाऊन बसलो होतो. ट्रे घेऊन आली ती माझीच विद्यार्थिनी. तिने मला पाहिले आणि मान खाली घातली. कोणीतरी म्हणाले, "मास्तर, तुम्हीच विचारा आता." मी घसा साफ केला आणि विचारले, "नाव काय बेटा?"

ज्या नावाची हजेरी मी पाच वर्षे घेतली, ते नाव! तिने ते पूर्ण सांगितले, वडिलांच्या नावासकट, जणू मला ठाऊकच नव्हते. बैठकीतून उठताना पोहे छान झाल्याचेही मी बोललो होतो. ते लग्न जमले नाही. नंतर ती मुलगी बाजारात दिसली की मी रस्ता बदलतो.

म्हणून तो भाग ओढूनताणून आणलेला आहे, असे मी लिहू शकत नाही. 'पाणी' पाहून मी उमेदीने घरी आलो होतो. 'स्थळ' पाहून आलो तेव्हा बायकोने विचारले, "कसा होता सिनेमा?" मी म्हणालो, "आपल्यावरच होता." यंदाही सोयाबीन निघाले आहे. परवा एक निरोप आला, "मास्तर, पाहुण्यांत चला." मी येत नाही म्हणून कळविले. कारण विचारले, तेव्हा मात्र शाळेचे काम आहे असेच सांगितले.