आलेखाला कर्ता हवा

दर पावसाळ्यात हवामान खात्याचा जिल्हावार पावसाचा नकाशा येतो आणि मराठी वर्तमानपत्रं तो जसाच्या तसा छापतात. हिरवा जिल्हा म्हणजे पाऊस सरासरीइतका, म्हणजे उणे 19 ते अधिक 19 टक्क्यांच्या आत. लाल म्हणजे 20 ते 59 टक्के तूट. आणि तूट 60 टक्क्यांच्या पुढे गेली की रंग पिवळा. लालपेक्षा वाईट पिवळा! वाचकाचा डोळा लालावर थांबतो, पिवळ्यावरून पुढे सरकतो, आणि सगळ्यात कोरडा जिल्हा नकाशावर सौम्य दिसतो. रंग भरण्याआधीची चूक याहून मोठी आहे. अख्ख्या सातारा जिल्ह्याला एकच रंग मिळतो. महाबळेश्वरला वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, त्याच जिल्ह्यातल्या माण तालुक्यात पाचशेच्या आसपास. महाबळेश्वरच्या झडीमुळे माणमधल्या दहिवडीचं करपलेलं पीकही हिरव्या जिल्ह्यात जमा होऊ शकतं. हे चित्र वर्षानुवर्षं छापलं जातंय आणि कुणी त्याला हरकत घेत नाही, हे मला असह्य होतं. म्हणून हा लेख.

आकड्यांची चित्रं आज जितकी निघतात तितकी कधीच निघत नव्हती, आणि त्यांतली बहुतेक विचार न करता काढलेली असतात. निवडणुकीच्या निकालाला वाहिन्या राज्याचा नकाशा रंगवतात. त्यात चौदा हजार चौरस किलोमीटरचा गडचिरोली जिल्हा डोळ्यात भरतो आणि सहाशे चौरस किलोमीटरची मुंबई ठिपक्याएवढी उरते. 2011च्या जनगणनेत गडचिरोलीची लोकसंख्या पावणेअकरा लाखांच्या आत होती, मुंबईच्या दोन जिल्ह्यांची मिळून सव्वा कोटीच्या घरात. मतं माणसांची मोजली आणि रंगवली जमीन. करोनाकाळात डॅशबोर्डांनी एकूण रुग्णसंख्येची रेषा महिनोन्‌महिने दाखवली. एकूण संख्येची रेषा खाली येऊच शकत नाही, त्यामुळे साथ ओसरत असतानाही ती धाकच घालत राहिली. त्रिमितीय पाय-चार्ट आणि समाजमाध्यमांवर शर्यतीसारख्या धावणाऱ्या पट्ट्या यांच्यावर शाई खर्च करण्याची गरज नाही.

विचारपूर्वक काढलेल्या आलेखांचीही परंपरा आहे. प्लेफेअरचा 1786चा अ‍ॅटलास, स्नोचा सोहोमधल्या कॉलऱ्याचा नकाशा, नॉयराटची चिन्हचित्रं हा इतिहास वाचकांना ठाऊक आहे. फ्रेंच अभियंता मिनारबद्दल मात्र विस्ताराने बोलायला हवं, कारण त्याला आपण एकाच चित्रात कोंडून ठेवलं आहे. नेपोलियनच्या रशिया मोहिमेचं ते 1869चं चित्र प्रत्येक पुस्तकात असतं: 4,22,000 सैनिकांनिशी निघालेला जाड पट्टा परतताना 10,000 सैनिकांएवढा बारीक होतो. चित्र थोर आहेच. पण आपल्या कामाचा मिनार दुसरा आहे. युरोपात येणाऱ्या कच्च्या कापसाचे त्याचे 1860च्या दशकातले नकाशे पाहा. 1858 साल एका बाजूला, 1864 आणि 1865 शेजारी. पट्ट्याची रुंदी कापसाच्या वजनाप्रमाणे. पहिल्या नकाशात अमेरिकेकडून येणारा पट्टा अटलांटिक व्यापून टाकतो. यादवी युद्धात दक्षिणेकडच्या बंदरांची नाकेबंदी झाली आणि पुढच्या नकाशात तोच पट्टा सुतासारखा झाला. भारताकडून आफ्रिकेला वळसा घालून येणारा पट्टा मात्र फुगला. एवढा कापूस मावावा म्हणून मिनारने युरोपची किनारपट्टी सरकवली, समुद्राच्या वाटा रुंद केल्या. भूगोल वाकवला, पण वजनाचं प्रमाण सोडलं नाही.

त्या फुगलेल्या पट्ट्यात वऱ्हाड-खानदेशचा कापूस आहे, मुंबई बंदर आहे, बॅकबे भराव कंपनीच्या शेअरांचा उन्माद आहे. 1865मध्ये युद्ध संपलं, कापसाचे भाव कोसळले आणि त्यांच्याबरोबर मुंबईतल्या कंपन्या बुडाल्या. या शहराच्या इतिहासाचं एक निर्णायक पान पॅरिसमधल्या निवृत्त अभियंत्याने काढलेल्या नकाशावर आहे, आणि ते आमच्या एकाही शालेय पुस्तकात मी पाहिलेलं नाही. मिनारने तो नकाशा एका प्रश्नासाठी काढला होता: अमेरिकेचा कापूस थांबल्यावर युरोपच्या गिरण्यांना माल कुठून आला? त्याची प्रत्येक रेषा या प्रश्नाला बांधलेली आहे.

फ्लॉरेन्स नाइटिंगेलचं तसंच. क्रिमियातल्या मृत्यूंचं तिचं 1858चं पाकळ्यांचं चित्र तांत्रिकदृष्ट्या निर्दोष नाही. क्षेत्रफळांची तुलना डोळ्याला अवघड जाते, साध्या स्तंभांनी ती सोपी झाली असती. पण टाळता येण्याजोग्या रोगांची निळी पाकळी जखमांच्या पाकळीहून किती मोठी आहे, हे बघणाऱ्याला क्षणात कळतं, आणि सरकारला तेवढंच कळायला हवं होतं. पुढे भारतातल्या लष्कराच्या आरोग्यासाठी नेमलेल्या आयोगाच्या 1863च्या अहवालामागेही तिचीच चिकाटी होती.

माझ्या लेखी या परंपरेचं शिखर आहे अमेरिकेतला कृष्णवर्णीय समाजशास्त्रज्ञ डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस याने अटलांटातल्या विद्यार्थ्यांना हाताशी धरून 1900च्या पॅरिस प्रदर्शनासाठी केलेले साठेक तक्ते. गुलामगिरी संपून अवघी पस्तीस वर्षं झाली होती. ज्यांची मोजणी एकेकाळी मालमत्ता म्हणून झाली, ते लोक इथे स्वतःची मोजणी करत होते: किती जमीन घेतली, किती मुलं शाळेत गेली, कोण कुठला धंदा करतो. जॉर्जियातल्या ग्रामीण कृष्णवर्णीयांची संख्या शहरातल्यांपेक्षा इतकी मोठी होती की ती सरळ पट्टीत मावेना, तेव्हा ड्यू बॉइसने पट्टीच गुंडाळून लाल वेटोळं केलं. हे नियमबाह्य आहे, आणि नेमकं आहे.

संख्याशास्त्रज्ञ एडवर्ड टफ्टीच्या आलेखांवरच्या 1983च्या पुस्तकापासून एक शिस्त रुजली: आकड्याचं काम न करणारी शाई पुसून टाका. ही शिस्त उपयोगी होती. आता तिचं सोवळं झालंय. पार्श्वभूमी पांढरी, रेषा बारीक, अक्षर लहान, एवढ्यावर आलेख प्रामाणिक ठरतो. पण खोटेपणा शाईत नसतो, आकड्यांच्या निवडीत असतो. जिल्हा घ्यायचा की त्यातलं महसूल मंडळ? हंगामाची बेरीज घ्यायची की रोजचा पाऊस? हे ठरवताना बाजू घेतलेलीच असते. पीकविमा महसूल मंडळावर ठरतो. अतिवृष्टीची मदतही मंडळात चोवीस तासांत 65 मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला का, यावर ठरते. पावसात 21 दिवसांचा खंड पडला की सोयाबीनचं नुकसान होतं. हंगामाच्या बेरजेत तो खंड नाहीसा होतो. राज्यभरातल्या मंडळांमध्ये महावेध प्रकल्पाची दोन हजारांहून अधिक स्वयंचलित हवामान केंद्रं आहेत. म्हणजे आकडे आहेत. तरीही छापला जातो जिल्ह्याचा एक रंग, कारण तो तयार मिळतो आणि त्याची जबाबदारी कुणाला घ्यावी लागत नाही.

निष्पक्षतेचा दावा इथेच फसवा ठरतो. ज्याने प्रश्न विचारलेला नाही, त्याचा आलेख ज्याच्या हाती आकडे आहेत त्याच्याच सोयीचा निघतो. नेपोलियनच्या चित्रावर मिनारने आपलं नाव आणि हुद्दा लिहिला, स्रोत दिले, आणि जेरोम व दाव्हू या सेनानींच्या तुकड्या सतत मुख्य सैन्याबरोबर होत्या असं गृहीत धरल्याचंही कागदावरच सांगितलं. आपल्या वर्तमानपत्रांत आलेखाखाली स्रोत असतो, कर्ता नसतो. व्यंगचित्रावर सही असते, लेखाला नाव असतं. आलेख तेवढा निनावी. आलेख हेही लेखन आहे. त्याच्याखाली कर्त्याचं नाव हवं, आणि दोन ओळींत त्याचा खुलासाही हवा: कोणता प्रश्न विचारला, मोजमापाचा आधार कोणता घेतला, काय वगळलं. असा आलेख चुकला तर त्याच्याशी भांडता येतं. निनावी आलेखाशी कुणी भांडत नाही. तो निमूट मान्य होतो आणि त्यावर मदतीबद्दल, विम्याबद्दल, पाण्याबद्दल लोकांचं मत बनतं. मराठी संपादकांनी हे थांबवावं. वाचकाला भांडता येईल असे आलेख द्यावेत, आणि ते ज्यांनी काढले त्यांची नावं छापावीत.