'काचेत ठेवलंय'

तुमच्याही फीडवर हे रील कधी ना कधी आलं असेल. निळसर उजेड, काचेची पेटी, तिच्यात तळहाताएवढं बाळ. नाकात नळी, इवल्याशा पायाला लाल दिव्याची पट्टी. मागे मॉनिटरचं टिक टिक आणि त्यावर हळूहळू चढत जाणारा पियानो. स्क्रीनवर अक्षरं उमटतात: 'वजन ७०० ग्रॅम', 'दिवस १', मग 'दिवस ३०', मग 'दिवस ७२'. मधेमधे डॉक्टर दिसतात, हातमोजे घातलेले हात दिसतात. शेवटी फुगे, केक, दुपट्यात गुंडाळलेलं बाळ आणि हात जोडून उभे असलेले आईबाप. खाली हॉस्पिटलचा लोगो आणि अपॉइंटमेंटचा नंबर.

गेल्या वर्षभरात मी अशी रील्स भरपूर पाहिली. अल्गोरिदमला एकदा कळलं की तो थांबत नाही. इतकी पाहिल्यावर लक्षात आलं की हा आता एक पक्का साहित्यप्रकार झालाय. त्याला ठरलेली सुरुवात आहे, ठरलेला नायक आहे, ठरलेला शेवट आहे. मग त्याला साहित्यप्रकारासारखंच वाचायला काय हरकत आहे? गोष्ट कोणाची आहे, कोण सांगतंय, काय गाळलंय?

सगळ्यात आधी डोळ्यात भरतो तो कट. 'दिवस १' वरून 'दिवस ३०' वर जायला रीलला दोन सेकंद लागतात. त्या दोन सेकंदांत काय काय असतं? दर दोन-तीन तासांनी, रात्रीसुद्धा, दूध काढून वाटीत जमा करणारी आई असते. टाके ओले असताना जिन्याच्या पायरीवर बसून राहणं असतं. 'आज वीस ग्रॅम वाढलं'चा आनंद आणि दुसऱ्या दिवशी 'तीस ग्रॅम कमी झालं'चा धसका असतो. बिलाच्या काउंटरवरचा बाप असतो. हे सगळं एडिटिंगमध्ये जातं. आई पडद्यावर येते ती थेट शेवटी, आभार मानायला. बहात्तर दिवसांच्या गोष्टीत तिला एकच काम दिलंय: कृतज्ञता.

आपल्या बोलण्यातही हीच रचना आहे. घरात कमी दिवसांचं बाळ झालं की मराठीत एक वाक्य ठरलेलं असतं, 'बाळाला काचेत ठेवलंय'. फोनवर मावशी, आत्या, शेजारपाजारी सगळ्यांना हेच सांगितलं जातं. वाक्यात बाळ आहे, काच आहे. ठेवणारं कोण, किती दिवस, त्या काचेशी आईचं नातं काय, यातलं काहीच नाही. आणि काचेचा एक गुण असा की ती आतल्याला जपते आणि बाहेरच्याला प्रेक्षक करते.

हा प्रेक्षक काही आजचा नाही. १८९६ साली बर्लिनच्या औद्योगिक प्रदर्शनात इनक्युबेटरमधली खरीखुरी बाळं लोकांना दाखवली गेली. पुढे मार्टिन कूनी नावाच्या माणसाने हाच प्रकार अमेरिकेत नेला. न्यूयॉर्कजवळच्या कोनी आयलंड या जत्रेसारख्या करमणुकीच्या जागी १९०३ ते १९४३ अशी चाळीस वर्षं त्याचं प्रदर्शन चाललं. पंचवीस सेंटचं तिकीट काढायचं, कठड्याशी उभं राहायचं आणि काचेतली बाळं बघायची. बाळ किती लहान आहे हे कळावं म्हणून नर्स आपली अंगठी त्याच्या मनगटात बांगडीसारखी सरकवून दाखवायची. कूनी स्वतःला डॉक्टर म्हणवत असे, पण त्याच्याकडे वैद्यकीय पदवी असल्याचा पुरावा मिळालेला नाही. तरीही त्याला सरळ खलनायक ठरवता येत नाही. त्या काळी बहुतेक हॉस्पिटलांकडे अशा बाळांसाठी काही सोय नव्हती आणि कूनी आईबापांकडून एक पैसा घेत नसे, खर्च तिकिटांतून निघे. हजारो बाळं त्याच्यामुळे जगली.

आजच्या रील्सबद्दलही मला असंच वाटतं. त्यांनी काही दिलं नाही असं म्हणणं खोटं ठरेल. 'आठव्या महिन्यातलं जगत नाही' असल्या समजुती अजून घराघरांत आहेत, तिथे सातशे ग्रॅमचं बाळ हसताना दिसणं ही मोठी गोष्ट आहे. पण फ्रेम तीच राहिलीय, कठड्याच्या जागी फक्त मोबाईलची स्क्रीन आलीय. गंमत म्हणजे ज्या घरांत सव्वा महिना बाळ परक्याला दाखवत नाहीत, दृष्ट लागू नये म्हणून गालावर तीट लावतात, त्याच घरातलं बाळ नळ्यांसकट लाखो लोकांच्या हातात पोचतं. परवानगीचा कागद बहुधा डिस्चार्जच्या कागदांतच असतो. त्या दिवशी कोणते आईबाप नाही म्हणतील?

माझ्या ताईला बत्तिसाव्या आठवड्यात मुलगी झाली. वजन एक किलो चारशे. हॉस्पिटल मोठं होतं, डॉक्टर हुशार होते, मुलगी आज घरभर रांगते. पण एनआयसीयूच्या दारावर पाटी होती: 'नातेवाईकांना भेटण्याची वेळ सायं. ५ ते ५.१५'. ताई त्या पाटीसमोर उभी राहून मला म्हणाली, "मी नातेवाईक आहे का रे?" पंधरा मिनिटांत दाजी आणि ती आळीपाळीने आत जायचे. हात लावायची मुभा नव्हती, म्हणून दोघं मॉनिटर बघायचे. मी नोकरीत सर्व्हरवर लक्ष ठेवणारे डॅशबोर्ड बनवतो, त्यामुळे दाजी मला आकडे पाठवून विचारायचे, ऑक्सिजन ९१ म्हणजे काय, लाल झालं म्हणजे काय. आमच्या धंद्यात याला 'रीड-ओन्ली ॲक्सेस' म्हणतात. सगळं दिसतं, बदलता काहीच येत नाही. सर्व्हरच्या बाबतीत ते ठीक आहे. आठव्या दिवशी एका सिस्टरने ताईला आत बोलावलं, गाऊन सैल करायला सांगितला आणि बाळ तिच्या छातीवर ठेवलं. तोवर तिने आपल्या मुलीला हात लावलेला नव्हता.

तो आठवा दिवस पहिलाच का नव्हता, या प्रश्नाचं उत्तर मी नंतर शोधलं. वैद्यकशास्त्र या प्रश्नाच्या केव्हाच पुढे गेलंय हे तेव्हा कळलं.

१९७८ साली कोलंबियात बोगोटाच्या एका सरकारी प्रसूतिगृहात इनक्युबेटर कमी आणि बाळं जास्त अशी अवस्था होती. एकेका पेटीत दोन-तीन बाळं, त्यातून जंतुसंसर्ग, त्यातून मृत्यू. एडगर रे सानाब्रिया या डॉक्टरांनी बाळं आयांच्या छातीशी, कातडीला कातडी लावून, उभी बांधायला सुरुवात केली. आईची ऊब, आईचं दूध आणि लवकर घरी. हीच 'कांगारू मदर केअर'. गरिबीतून निघालेला हा उपाय पुढे बरीच वर्षं गरिबांचाच समजला गेला: पेटी नसेल तर छाती.

तो समज २०२१ मध्ये मोडला. घाना, भारत, मलावी, नायजेरिया आणि टांझानिया या पाच देशांतल्या हॉस्पिटलांत जागतिक आरोग्य संघटनेने अभ्यास केला. आपल्याकडे तो दिल्लीच्या सफदरजंग हॉस्पिटलमध्ये झाला. एक किलो ते एक किलो आठशेच्या आतली बाळं दोन गटांत विभागली. एका गटात नेहमीसारखं आधी काच, तब्येत स्थिर झाल्यावर आई. दुसऱ्यात जन्मल्यापासूनच आई किंवा घरातलं दुसरं माणूस, दिवसाला सुमारे सतरा तास. त्यासाठी आईची खाटच एनआयसीयूत आणली. पहिल्या गटात २८ दिवसांच्या आत १५.७ टक्के बाळं गेली, दुसऱ्यात १२ टक्के. फरक इतका स्पष्ट होता की अभ्यास ठरल्याआधीच थांबवला गेला, कारण उरलेल्या बाळांना यापासून दूर ठेवणं अन्यायाचं झालं असतं.

लक्षात घ्या, ही बाळं यंत्रांनी सज्ज एनआयसीयूतलीच होती. डॉक्टर, ऑक्सिजन, औषधं दोन्ही गटांना होती. पहिल्या तासापासूनची आई मात्र एकाच गटाला होती. म्हणजे आई ही भेटायला येणारी व्यक्ती नसून उपचाराचा भाग आहे, आणि तिला दाराबाहेर ठेवणं म्हणजे एक उपचार थांबवून ठेवणं आहे. ज्या रीलमध्ये ती शेवटच्या फ्रेममध्येच येते, ते रील नुसतं भावनेच्या पातळीवर अपुरं नाही, माहितीच्या पातळीवरही चुकीचं आहे.

महाराष्ट्राला तर ही दुसरी गोष्ट आधीपासून माहीत असायला हवी. अभय आणि राणी बंग यांनी गडचिरोलीतल्या ३९ गावांत जे केलं, त्यात काच नव्हतीच. गावातल्याच बायांना शिकवून 'आरोग्यदूत' केलं. त्या घरी जायच्या, बाळाचं वजन करायच्या, श्वास मोजायच्या, ऊब टिकते का बघायच्या, धोक्याची लक्षणं आईला आणि आजीला समजावून सांगायच्या. १९९९ मध्ये 'लॅन्सेट'ने छापलेल्या त्यांच्या अभ्यासात, तिसऱ्या वर्षी या गावांतले नवजात मृत्यू तुलनेच्या गावांपेक्षा ६२ टक्क्यांनी कमी झाले होते. आज आशाताई बाळंतिणीच्या घरी फेऱ्या मारते त्याचं मूळ तिथे आहे. या गोष्टीचं रील बनवणं अवघड आहे. वजनकाटा, घोंगडी आणि घड्याळ धरून बसलेली बाई, यावर पियानो चढत नाही.

आता दुसरी बाजू. दार बंद ठेवण्यामागचं कारण खोटं नाही. अशा बाळांना जंतुसंसर्ग सहज होतो आणि तो जीव घेतो. जागा कमी असते, एकेका सिस्टरवर किती बाळं असतात हे ज्याने पाहिलंय तो तिला दोष देणार नाही. पण यावरचं उत्तरही आपल्याकडेच तयार आहे. दिल्लीच्या राममनोहर लोहिया हॉस्पिटलमध्ये आईबापांना हात धुण्यापासून दूध पाजण्यापर्यंत शिकवून आत घेतलं गेलं आणि त्या अनुभवावरून केंद्र सरकारने २०१७ मध्ये कुटुंबाच्या सहभागाची मार्गदर्शक तत्त्वं काढली. यात बापही येतो. त्याच्या छातीलाही ऊब असते, हे एकही रील सांगत नाही.

या साहित्यप्रकाराची सगळ्यात मोठी चूक मात्र वेगळीच आहे. त्यात फक्त घरी गेलेली बाळं असतात. 'फायटर', 'वॉरियर' हे शब्द कानाला बरे लागतात, पण जी बाळं गेली ती कमी लढली का? बारा टक्के हा आकडा आहे तसा एकेका घरातला पाळणाही आहे. त्या आईच्या फीडवरही हेच रील येतं, तोच पियानो वाजतो. तिने आपल्या बाळाला एकदा तरी छातीशी घेतलं होतं की नाही, हा प्रश्न तिला आयुष्यभर पुरतो. कोणत्याही हॉस्पिटलला सगळी बाळं वाचवता येणार नाहीत. तेवढं छातीशी घेणं मात्र बहुतेकींना देता येईल.

म्हणून चांगल्या रीलची माझी अपेक्षा फार नाही. 'दिवस १'च्या फ्रेममध्ये आईचा हात दिसावा. आणि तुमच्या ताईचा, वहिनीचा, मैत्रिणीचा फोन आला की 'काचेत ठेवलंय', तर 'सगळं ठीक होईल' म्हणण्याआधी तिला एक प्रश्न सुचवा. डॉक्टरांना विचार, बाळाला छातीशी कधी घेता येईल, आणि आज नाही तर का नाही?