तबकडीची आवृत्ती

बाबूराव पेंटरांचा ‘सावकारी पाश’ 1925 सालचा. कोल्हापुरात खरी कॉर्नरला कॅमेऱ्याचा स्तंभ उभा आहे, पण त्या चित्रपटाची प्रत कुठेच उरलेली नाही. हे दुःख आमच्या गावाला इतके पाठ झाले आहे, की त्याविषयी बोलताना आवाजाला आपोआप सभेचा सूर लागतो. मला मात्र अलीकडे दुसरीच शंका छळते. शंभर वर्षांपूर्वीची फिल्म गेली ती गेली. पण पंधरा-वीस वर्षांपूर्वी स्वतंत्र दिग्दर्शकांनी डीव्हीडीवर जे सिनेमे वाटले, ते तरी आपल्यापाशी आहेत का? आणि असतील, तर नेमके कोणते?

दुकानातली डीव्हीडी आणि या दिग्दर्शकांची डीव्हीडी दिसायला सारखी, घडणीत वेगळी. पहिली छापलेली असते. काचेवर मूळ नक्कल, तिच्यावरून धातूचा साचा, साच्यातून प्लॅस्टिकच्या तबकड्या. साच्याचा खर्च अंगावर पडू नये म्हणून प्रती हजारांच्या हिशेबात काढाव्या लागतात. मोझर बेअर कंपनीने 2007 च्या सुमारास व्हीसीडी 28 आणि डीव्हीडी 34 रुपयांना आणली ती याच हिशेबावर. (2018 मध्ये ही कंपनी अवसायनात निघाली.) दुसरी ‘राइट’ केलेली. तिच्यात रंगद्रव्याचा पातळ थर असतो, लेझर त्यावर खुणा करतो. साचा नाही, त्यामुळे एकच प्रत काढली तरी चालते.

अमेरिकेत कस्टमफ्लिक्स कंपनीने यातून धंदा उभा केला: ग्राहकाची मागणी आली की एक प्रत तयार करायची आणि टपालात टाकायची. 2005 मध्ये अ‍ॅमेझॉनने ती कंपनी विकत घेतली. आपल्याकडे हेच काम लग्नाच्या व्हिडिओ लॅबनी केले, आणि त्याची नोंद कुणीच घेतली नाही. राजारामपुरीत आमच्या शेजारच्या गल्लीत अशी एक लॅब होती. तिथल्या ‘टॉवर’मध्ये एका प्रतीवरून सात प्रती एकदम निघत. हळदीच्या आणि वरातीच्या तबकड्यांच्या मधल्या वेळात माहितीपट निघायचे.

हे सिनेमे दुकानात का गेले नाहीत, याचे उत्तर आमचे समीक्षक ‘बाजाराला नको होते’ एवढ्यावर संपवतात. कायदा कुणी उघडून पाहत नाही. कॉपीराइट कायद्यात 1984 साली 52-अ हे कलम आले. व्हिडिओ फिल्मवर आणि तिच्या वेष्टणावर निर्मात्याचे नाव-पत्ता, हक्कधारकाच्या संमतीची घोषणा आणि चित्रपटाला प्रमाणपत्र लागत असेल तर सेन्सॉरच्या प्रमाणपत्राची प्रत, एवढे हवेच. कलम आले चोरट्या कॅसेटींना आळा घालायला. अडचण झाली ती सेन्सॉरकडे न गेलेल्या, किंवा जाऊन अडकलेल्या माहितीपटांची. आनंद पटवर्धन यांच्या ‘वॉर अँड पीस’ला (2002) मंडळाने कात्री सुचवली, 2003 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो एकही काट न करता मोकळा केला. पुढे मुंबईच्या आंतरराष्ट्रीय महोत्सवात भारतीय माहितीपटांना प्रमाणपत्राची अट घालण्याचा घाट घातला गेला. त्यातून माहितीपटकार एकत्र आले आणि 2004 मध्ये ‘विकल्प’ हा समांतर महोत्सव भरला. प्रमाणपत्र नसलेली तबकडी काउंटरवर मांडता येत नसेल, तर ती हातोहातच जाणार.

‘मागणी तशी प्रत’ या कल्पनेचे कौतुक करताना एक गोष्ट विसरली जाते. स्थळ आधी कळावे लागते, मग मागणी घालता येते. मालेगावात नासिर शेख यांनी 2000 च्या सुमारास जेमतेम पन्नास हजारांत ‘मालेगाव के शोले’ केला. त्यांचे स्वतःचे व्हिडिओगृह होते, प्रेक्षक रोज डोळ्यांसमोर बसलेला. माहितीपटवाल्यांना ती सोय नव्हती. पटवर्धन ‘जय भीम कॉम्रेड’ (2011) घेऊन वस्त्यावस्त्यांत गेले. रमाबाई नगरच्या 1997 च्या गोळीबारापासून आणि विलास घोगरे यांच्या आत्महत्येपासून सुरू होणारा हा सिनेमा. अशा खेळानंतर दिवे लागतात, कुणीतरी उठून बोलते, वाद होतो, आणि मग दाराशी मांडलेल्या टेबलावरून तबकडी घरी जाते. ही मागणी त्या संध्याकाळीच तयार झालेली असते. म्हणून या वितरणाचा इतिहास लिहायचा तर विक्रीच्या आकड्यांच्या आधी खेळांची यादी करावी लागेल.

माझी खरी अडचण मात्र संहितेची आहे. माझ्या एका मित्राने 2009 साली ऊसतोड कामगारांवर माहितीपट केला. बीडहून आलेल्या एका कोयत्याच्या, म्हणजे नवरा-बायकोच्या जोडीच्या, एका हंगामाची गोष्ट. पहिल्या खेळाला मुकादम स्वतः येऊन बसला होता. उचलीच्या पैशांबद्दल तो पडद्यावर चार मिनिटे बोलत होता आणि फार मोकळेपणाने बोलत होता. दुसऱ्या दिवशी तो मित्राच्या घरी आला. काय बोलणे झाले ते मित्राने मला कधीच सांगितले नाही. नंतर राइट झालेल्या प्रतींत ती चार मिनिटे नाहीत. महोत्सवासाठी पुढे आणखी एक छोटी प्रत झाली. तिन्हींवर मार्करने लिहिलेले नाव एकच, साल एकच.

मी त्या सिनेमावर एक लेख लिहिला होता आणि त्यात त्याला ‘मुकादमांविषयी मवाळ’ म्हटले होते. माझ्या कपाटात दुसरी प्रत होती. पुस्तकाच्या बाबतीत असे लिहिले असते तर कुणीही विचारले असते, कोणती आवृत्ती पाहिली? सायक्लोस्टाइल केलेल्या अनियतकालिकांवरसुद्धा बहुधा अंकाचा क्रमांक सापडतो. या तबकड्यांवर काहीच नाही. दर वेळी नवी प्रत काढता येते म्हणून दर वेळी सिनेमाही बदलता येतो, आणि बदलल्याची खूण राहत नाही. स्वातंत्र्याची ही बाजू दिग्दर्शकाला सोयीची आहे, हे मान्य करूनही मला ती समीक्षेसाठी घातक वाटते.

पुस्तकांसाठी 1954 चा कायदा आहे. प्रकाशकाने कोलकाता, मुंबई, चेन्नई आणि दिल्ली इथल्या ग्रंथालयांना प्रत द्यायचीच. सिनेमावर असे बंधन नाही, मग व्हिडिओ लॅबमधल्या सात प्रतींची काय कथा! आणि त्या रंगद्रव्याला ऊन-दमट हवा सोसत नाही. आमच्याकडे जुन्या सीड्या शेतात पाखरे हाकायला टांगतात, ते पाहून हल्ली मला चुकल्यासारखे होते.

मित्राची हार्ड डिस्क 2016 मध्ये बंद पडली. राहिल्या त्या लोकांच्या घरातल्या प्रती. लॅबवाल्याने दुकान बंद केले, पण त्याची मागणीची वही त्याच्या बायकोने जपून ठेवली होती. तीत तारीख, प्रतींची संख्या आणि ‘उसाची फिल्म’ एवढीच नोंद आहे. पहिल्या खेळाच्या आदल्या दिवशी चौदा प्रती. त्या कुणी घेतल्या हे मित्राने आठवून सांगितले, दहा नावे जमली. मी एकेका घरी गेलो. चार ठिकाणी तबकडी फेकून दिली होती, तिघांकडे सापडली पण चालली नाही, दोघांना असे काही घेतल्याचेच आठवत नव्हते. गडहिंग्लजच्या एका निवृत्त शिक्षकांनी ती कागदाच्या पाकिटात, वर्गाच्या हजेरीपटात ठेवली होती. ती चालते. एकतिसाव्या मिनिटाला चित्र अडते आणि पुढे सरकते. मुकादमाची चार मिनिटे त्याच्या नंतर येतात, ती पूर्ण आहेत. नक्कल करू का, असे मी मित्राला फोनवर विचारले. त्याने अजून उत्तर दिलेले नाही.