विहिरीवरची तहान

योहानाच्या शुभवर्तमानातील चौथ्या अध्यायाचे विवेचन करताना भाष्यकार बहुधा 'जिवंत पाणी' या शब्दापाशी फार लवकर पोहोचतात. शब्द आध्यात्मिक ठरला की विहीर, पोहरा आणि घागर यांचे त्यांना प्रयोजन उरत नाही. आमच्या मते कथेचे मर्म तेथेच आहे. भर दुपारी, वाटचालीने थकलेला येशू याकोबाच्या विहिरीवर बसला आहे. विहीर खोल, त्याच्याजवळ पोहरा नाही. तो पाणी मागतो ते एका शोमरोनी स्त्रीपाशी, आणि यहुदी तर शोमरोन्यांशी संबंध ठेवीत नसत. पाण्याचा विटाळ म्हणजे काय, हे महाडचा १९२७ चा सत्याग्रह जाणणाऱ्या मराठी वाचकास सांगावयास नको. म्हणजे येथे प्रथम तृषित आहे तो दाताच.

मूळ ग्रीक शब्दांचा साधा अर्थ 'वाहते पाणी' असाही होतो. तेव्हा त्या स्त्रीचा गैरसमज हा काही मूढपणा नव्हे. रोजची खेप चुकावी, ही तिची इच्छा अगदी खरी आहे. तृष्णेचा क्षय करावा, असे सांगणारी परंपरा आपल्या परिचयाची आहे. येथे मात्र तहान निंद्य ठरत नाही. श्रद्धेने ती शमते, ती पिणाऱ्याच्याच अंतरी झरा फुटून. आणि तो झरा लगेच वाहूही लागतो: घागर तेथेच टाकून ती गावात जाते, व तिच्या शब्दावरून कित्येक गावकरी विश्वास ठेवतात.

येशूला पाणी मिळाले की नाही, हे योहान सांगत नाही. पुढे क्रूसावर तो पुन्हा तहान लागल्याचे सांगतो. तेथे त्याच्या ओठांना लावली जाते ती आंब.